खालची खूण

मेघनाचा फोन आला तेव्हा मी हेब्बाळच्या बाजारात अवरेकाईच्या शेंगा निवडत होते. “आत्या, अप्पा गेले,” एवढंच ती म्हणाली... बातमी अनपेक्षित नव्हती. गोपाळअण्णाने डायलिसिस बंद करून पंधरवडा होत आला होता. तरी राग आला. महिना उलटला, तो राग अजून उतरलेला नाही.

अण्णा माझा चुलत भाऊ, मेघना त्याची मुलगी. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातली, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मं कन्नड. अण्णाच्या मराठीत त्यावर आणखी रान उगवलेलं. वनखात्यातली सगळी नोकरी त्याने घाटातल्या सागाच्या रोपवनांत काढली होती. मेघनाचे केस कापायचे म्हणजे त्याच्या लेखी फांदछाटणी, आणि लग्नाच्या पंगतीत दाटी दिसली की म्हणायचा, “इथे विरळणी हवी बघ.” दाट वाढलेल्या सागातली काही झाडं काढायची आणि उरलेल्यांना उजेड मोकळा करून द्यायचा, ती विरळणी. आम्ही हसायचो. या शब्दाने पुढे आमचंच घर धरलं, तेव्हा हसू आटलं.

काढायच्या झाडाची साल तासून त्यावर हातोड्याने खूण उठवायची, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुंध्याशी. दोन कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. “वरची तोडणाऱ्यासाठी, खालची विचारणाऱ्यासाठी,” तो म्हणाला. ओंडका निघून जातो, खुंट राहतो. उद्या कुणी विचारलं की झाड चोरीला गेलं की परवानगीने, तर उत्तर खुंटावर असतं. निवृत्तीनंतर शहरातल्या लहान घरात राहायला येताना त्याने टाकायच्या सामानावरही निळ्या खडूने अशाच दोन-दोन खुणा केल्या. कपाट गेलं, पलंग गेला. वहिनीचं शिवणयंत्रसुद्धा गेलं असतं, पण तिने खडू हिसकावून घेतला.

मग त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिसवर बरीच वर्षं निघतील, असं डॉक्टर सांगत होते. मेघना देवनहळ्ळीच्या एका कंपनीत होती, तिला जर्मनीत काम मिळालं होतं. अप्पांना अशा अवस्थेत टाकून जाणार नाही, म्हणाली. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत अण्णाने आम्हा तिघींना समोर बसवलं. स्वतः नेहमीच्या वेताच्या खुर्चीत टेकून बसला.

“साकु आता. पुरे झालं हे डायलिसिस. जुनं झाड उजेड अडवून उभं असलं की खालचं रोप वाढत नाही.”

“रोपवनाचा हिशेब घरात लावू नकोस अण्णा,” मी भडकलेच. “रानातली जुनी झाडं बियांसाठी राखतात, हे कोण सांगायचं?”

“बी केव्हाच पडलं की, शालू. रुजलंसुद्धा.”

“अप्पा, मी रोप नाही,” मेघना रडत म्हणाली. “मला तुम्ही हवे आहात.”

त्यानंतर आठवडाभर आम्ही रोज विनवण्या केल्या. तो शांतपणे ऐकून घ्यायचा, “सरी, बरं, बघू,” म्हणायचा. आम्हाला वाटायचं, विरघळतोय. वहिनीची त्या दिवसांत एकच तक्रार होती, की सदऱ्याला पाठीवर निळं लागतंय, कामवाली नीळ नीट विरघळवत नाही.

मेघना गेली नाहीच. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ज्या उजेडासाठी तो गेला, त्यात आज कुणीही उभं नाही.

तेराव्यानंतर घर पुसायला आम्ही त्याची खुर्ची आडवी केली. पुढच्या पायावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर निळ्या खडूची रेघ होती. वहिनीने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला... वेताच्या विणीत निळी भुकटी अडकली होती. वरची खूण त्याच्या पाठीने पुसून नेली होती. म्हणजे आम्ही हात जोडत होतो तेव्हा तो खूण केलेल्या खुर्चीतच बसलेला होता. त्याचं आधीच ठरलं होतं.

वहिनीने फडका पिळून बाजूला ठेवला. खुर्ची तिथेच आहे, कुणी तीत बसत नाही, आणि ती कुणाला द्यायचं नावही कुणी काढत नाही. मी गेले की वाकून ती खालची खूण बघते. अण्णा, विचारणारी मीच आहे. परवानगी कुणाची होती ते कळलं रे. पण ती तुझ्या एकट्याची कशी चालेल?