सीबमध्ये ऐकलेला बाबांचा सॅक्सोफोन

मस्कतच्या विमानतळाबाहेर पडले तेव्हा उन्हं उतरली होती, तरी रस्त्यावरून गरम वाफ येत होती. समोर डोंगर होते, तपकिरी, कोरडे, झाडाचं नाव नसलेले. ते पाहायला मी आले नव्हते. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यांच्याबरोबर वाजवलेला एकच माणूस आता हयात होता. तो इथे राहत होता.

बाबा सॅक्सोफोन वाजवायचे, मुंबईच्या स्टुडिओंमध्ये, दुसऱ्यांच्या गाण्यांवर. रेकॉर्डच्या कव्हरवर गायिकेचा फोटो असे. वाजवणाऱ्यांची नावं कुठेच नसत. एका जॅझ-सोल अल्बममधला त्यांचा सोलो (एकट्याने वाजवलेला तुकडा) मात्र जाणकारांच्या लक्षात राहिला. सोलोच्या मध्यावर सॅक्सोफोन अचानक थांबतो, काही वेळ नुसता बास गिटारचा ठेका चालू राहतो आणि मग सूर परत येतो. त्या थांबण्याचं लोक फार कौतुक करत. बाबा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. आमच्या घरी तो अल्बम लागतही नसे. आईला असलं संगीत आवडत नाही, अशी माझी समजूत.

तो बास वाजवणारे वेंगुर्ल्याचे वसंतकाका. पुढे ते मस्कतच्या एका हॉटेलच्या बँडमध्ये आले. हॉटेलने बँड बंद केल्यावर एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात लागले आणि इथलेच झाले.

माझ्याकडचा फोन नंबर बंद होता. पत्ता होता मस्कतमधल्या हमरिया भागाचा. टॅक्सीवाल्याने रुवीच्या गर्दीतून मला तिथे सोडलं, तर त्या खोलीत बांगलादेशी सुतार राहत होते. खाली एका खानावळीत चौकशी केली. गल्ल्यावरचे गृहस्थ देवगडचे निघाले.

"वसंतकाका ना? ते केव्हाच सीबला गेले, लेकीकडे," ते म्हणाले. "आधी जेवा. मग नंबर देतो. काका आता कुठे पळून जात नाहीत."

सुरमईचं कालवण आणि भात जेवले. परदेशात पहिलं जेवण आपल्याच चवीचं मिळालं, पण घास गोड लागेना. काका ओळखतील का, याचीच धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून सीबला गेले. समुद्राकाठचं जुनं गाव, त्याला लागून नव्या पांढऱ्या इमारती. काकांची मुलगी सुजाता दारातच उभी होती. आत काका खुर्चीत बसले होते. अंगाने अगदी वाळले होते, बोलताना दम लागत होता.

"इलंस काय गो?" ते म्हणाले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "बापाशीचा नाक आसा तुका."

मी पुण्याहून जपून आणलेली ती रेकॉर्ड काढली. घरात ती लावायला काहीच नव्हतं. काकांची नात इरा म्हणाली, "आजोबा, मी फोनवर शोधते. असेल ते... म्हणजे, सगळं असतं." आणि तिला ते गाणं सापडलंही.

काका डोळे मिटून ऐकत होते. सोलो आला. सॅक्सोफोन थांबला, बास एकटाच चालत राहिला. काकांची बोटं गुडघ्यावर हलत होती. गाणं संपल्यावर मी म्हणाले, "काका, हा थांबा कुणी सुचवला? लोक अजून विचारतात."

"कुणी सुचवला नाही." आता ते मुंबईच्या मराठीत बोलू लागले. "तुला आईने सांगितलं नाही? तुझ्या आधी एक मुलगा होता."

एवढं मला मावशीकडून ठाऊक होतं. तापाने गेला, इतकंच. घरात त्याचा विषय निघत नसे.

"त्या दिवशी सकाळी गेला तो," काका म्हणाले. "आम्हाला काही माहीत नाही. दुपारी तुझा बाप नेहमीसारखा स्टुडिओत आला. बुटांना माती. मला वाटलं, कुठे पडला की काय. तेव्हा सगळे एकाच खोलीत बसून वाजवायचे, एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा. सोलोत तो मधेच थांबला. मी त्याच्याकडे बघितलं. श्वासच घेता येत नव्हता त्याला. मी वाजवत राहिलो, म्हटलं येईल. आणि आला."

त्यांना दम लागला. सुजाताने पाणी दिलं.

"निर्माता खूश. म्हणाला, खबरदारी म्हणून आणखी एकदा घेऊ. तर तुझा बाप वाद्य पेटीत ठेवायला लागला. मी त्याला जिन्यात घेऊन गेलो. तिथे म्हणाला, वसंता, श्रीरंगला ठेवून आलो. मी मूर्खासारखा विचारतो, कुठे? मग त्याचे बूट दिसले. लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात."

श्रीरंग. माझ्या भावाचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मग बाबा तिथे आलेच कशाला?" माझा आवाज चढला होता. "आईला टाकून?"

"घरात सगळ्या बायका रडत होत्या. त्याला रडू येईना. पाय नेतील तिकडे गेला. अंधार पडेपर्यंत जिन्यातच बसलो आम्ही. तिथे मात्र रडला. कुणाला सांगू नको म्हणाला, म्हणून नाही सांगितलं. आता तो नाही, आणि माझंही काय सांगता येत नाही. तुझ्या आईने त्याला माफ केलं नाही, हे ठाऊक होतं मला."

संध्याकाळी इरा मला जुन्या सूकमध्ये (बाजारात) घेऊन गेली. हलव्याच्या दुकानात म्हाताऱ्या ओमानी मालकाने कहवा (वेलदोडा घातलेली कडसर कॉफी) दिला. मी कप रिकामा करायची आणि तो भरायचा. शेवटी इरा हळूच म्हणाली, "मावशी, कप हलवायचा असतो. मग बस समजतात." मी कप हलवला. मालकाने माझ्या चेहऱ्याकडे बघून मोडक्या हिंदीत विचारलं, "घर में सब ठीक?" मी मान डोलावली. समुद्राकडून वारा येत होता. मला फक्त घरी जायचं होतं.

निघताना काकांच्या पाया पडले. ते म्हणाले, "आईक सांग, वसंता इचारी होतो." पुन्हा भेट होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. महिन्याभरात काका गेल्याचा सुजाताचा फोन आलाच.

पुण्याला पोहोचले त्या दुपारी आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. गाण्यातल्या त्या थांब्याचं कारण मी तिला सांगितलं. श्रीरंगचं नाव उच्चारलं तेव्हा तिचे हात थांबले. ती रडली नाही. मी विचारलं, "लावू का ते गाणं?"

"नको," ती म्हणाली.

माणसाची बाजू आपल्यापर्यंत पोहोचायला कधी कधी इतका उशीर होतो की तो माणूसच उरलेला नसतो. बाबा आणि ती, एकाच मुलासाठी आयुष्यभर वेगवेगळ्या खोल्यांत रडले, आणि त्यांच्यामधल्या त्या घरात मी लहानाची मोठी झाले.

पुन्हा शेंगा सोलायला घेत आईने विचारलं, "त्या दिवशी कुणी होतं त्यांच्याजवळ?"

"हो. वसंतकाका होते, स्टुडिओच्या जिन्यात. अंधार पडेपर्यंत."

"बरं झालं," आई म्हणाली. "मला वाटायचं, एकटेच होते."