व्हेंटिलेटरवर ऐकलेली प्रार्थना

“गिया-बारे सिंड्रोम,” डॉक्टर म्हणाले आणि हातातली रबरी हातोडी त्यांनी टेबलावर ठेवली. तीनदा मारूनही माझा गुडघा उडाला नव्हता.

ह्यांनी विचारलं, “म्हणजे काय, डॉक्टर?”

“रोगाशी लढणारी शरीरातली यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. बहुतेक जण यातून बरे होतात. पण आधी त्रास वाढेल, कदाचित श्वासापर्यंत जाईल. आज घरी जायचं नाही.”

मी लातूरची, निवृत्त शिक्षिका. ज्यांच्या घरात हे नाव पहिल्यांदाच ऐकू येईल त्यांच्यासाठी लिहिते आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगते. पंधरा दिवस आधी मला जुलाब झाले होते, ते थांबलेही. मग तळपायांना मुंग्या आल्या. गुरुवारी चप्पल पायातून निसटली, ती रस्त्यात राहिली हे मला शेजारणीनं सांगितलं. शनिवारी कणीक मळताना बोटं वळेनात. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे उठले आणि मी बाकावरच राहिले. मुंग्या पायांकडून वर चढू लागल्या तर थांबू नका. मी चार दिवस बाम चोळत बसले.

त्या चर्चची मी बरीच वर्षं सेक्रेटरी होते. उपासना दहाला म्हणजे दहाला. छापील क्रमाबाहेरचा एक शब्द मला खपत नसे. माझ्या मोठ्या नणंदबाई, शकुअक्का, किल्लारीकडच्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आल्या आणि तिथंच आमचं बिनसलं. अक्कांना वाचता येत नाही. पाळक प्रार्थना करत असले की त्या मध्येच मोठ्यानं म्हणायच्या, “व्हय बापा, खरं हाय!” दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी सगळ्या मंडळीदेखत त्यांना म्हणाले, “अक्का, हा काय बाजार आहे का?” त्यानंतर त्या आत आल्याच नाहीत. बाहेर पायरीवर बसायच्या. घरातही कामापुरतंच बोलायच्या. मला ते बरंच वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

दवाखान्यात नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. नसांमधून संदेश किती वेगानं जातो ते विजेचे बारीक झटके देऊन बघतात. मग लंबर पंक्चर, म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं. पाच दिवस आयव्हीआयजी दिलं. दुसऱ्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली ही प्रतिकारद्रव्यं सलाईनमधून सोडतात. ती कुणाच्या रक्तातली होती, मला कधीच कळणार नाही.

एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे सिस्टर दर थोड्या वेळानं बघायच्या. पहिल्या संध्याकाळी बावीस. सकाळी चौदा. दुपारी आठ. आयुष्यभर मुलांना मोजायला शिकवलेली मी आठाला अडले आणि मला व्हेंटिलेटर लावला.

लोकांना वाटतं, व्हेंटिलेटरवरचा माणूस झोपलेला असतो. सुरुवातीचं झोपेचं औषध उतरल्यावर मी पूर्ण जागी होते. ऐकू येत होतं, दिसत होतं, फक्त बोलता येत नव्हतं आणि बोटही हलत नव्हतं. मी मनात प्रार्थना सुरू केल्या. सगळ्या पाठ होत्या, एक शब्द चुकला नाही. पण पाढे म्हणावेत तशा त्या सरकत गेल्या. पलीकडे कुणी ऐकतंय असं काही वाटेना. मी इतकी घाबरले की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.

दुपारी दहा मिनिटं एकाला आत सोडायचे. चौथ्या दिवशी ह्यांच्याऐवजी अक्का आल्या. हिरवा गाऊन उलटा घातलेला. माझ्या कपाळावर हात ठेवून त्या नेहमीच्या बोलण्यातच बोलू लागल्या.

“बापा, मी शकू. हिच्या नरड्यात नळी हाय, हिला बोलता येईना. ही काय मागून राहिली ते तूच हिच्या डोळ्यात बघ. आन् हिची पाठ लई दुखत आसंल, कुणाला तरी सुचव.”

पाठ खरंच पेटली होती. कुणाला सांगताच आलं नव्हतं. अक्कांनी सिस्टरला हाक मारली, दोघींनी मला कुशीवर केलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते अक्कांनी पदरानं पुसलं.

त्या कुशीवर मला पत्र्याची शेड आठवली. किल्लारीच्या भूकंपानंतरची, आमच्या त्याच खेड्यातली. मी तेव्हा नवी सून. आमचं घर गेलं, अक्कांचे मालक गेले, चर्च आडवं झालं, गायनांची पुस्तकं ढिगाऱ्यात राहिली. पहिल्या रविवारी आम्ही उलट्या घमेल्यांवर बसलो. पलीकडच्या शेडमधल्या शेतकरी कुटुंबानं त्यांची सतरंजी दिली आणि तेही आमच्या मागं येऊन बसले. ते काही ख्रिस्ती नव्हते, पण त्या दिवसांत कोण कुणाचं हे कुणी विचारत नव्हतं. पत्रा तापला होता. पाळक उभे राहिले, पण त्यांना शब्द फुटेना. मग अक्का म्हणाल्या, “बापा, आमी आलोत. आता तू बी ये.”

एवढीच उपासना झाली. सगळे रडलो. आणि तो आला होता. त्या शेडमध्ये, त्या घामात, आमच्यात येऊन बसला होता. हे मी याहून नीट सांगू शकत नाही. ते दिवस फार वाईट होते, तरी अजून मला त्यांची ओढ वाटते. पुढं लातूरला आलो. बाक मिळाले, पुस्तकं मिळाली, भिंतीवर घड्याळ आलं. उपासना नीट पार पडावी म्हणून मी इतकी धावले की ज्याच्यासाठी ती करायची त्याच्याकडे बघायचंच राहून गेलं.

त्या दुपारी मी पाठ केलेलं काही म्हटलं नाही. नुसती पडून राहिले. एकटी नव्हते.

अकराव्या दिवशी नळी निघाली. त्याआधी डाव्या हाताचा अंगठा हलला होता, तेव्हा सिस्टरनं सगळ्या वॉर्डला बोलावून दाखवला. पुढं फिजिओथेरपीसाठी मुलीकडे नांदेडला गेलो. अक्काही सोबत आल्या. उठून बसायला तीन आठवडे, वॉकर धरून उभं राहायला दोन महिने. घरच्यांनी घाई करू नये. नसा आपल्या चालीनं भरून येतात. डावा पाय अजून ओढतो. सेक्रेटरीपद मी सोडलं.

नांदेडला एका सकाळी अंगणात अक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी म्हणाले, “अक्का, माझं चुकलं. तुम्हाला सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं.”

“हाव, चुकलंच तुजं,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “दोन वर्सं रोज बापाजवळ तुजी कागाळी केली म्या.”

“मग दवाखान्यात माझ्यासाठी प्रार्थना कशी केलीत?”

“बाहीर बाकड्यावर बसून भांडतच व्हते की त्याच्यासंगं. म्हनलं, आमचं दोघीचं मिटल्याबिगर हिला न्यायचं न्हाई.”

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. अक्कांनी फोडलेले दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

“आता तूच सांग त्याला, मिटलं म्हनून. वाट बघत आसंल.”

डोळे मिटायचंही न सुचता, तोंडात दाणे असताना, मी ते त्याला सांगितलं.