सुईतला दोरा

भाकरीचा तुकडा गळ्यात अडकला न् आत्याबाईचे डोळे पांढरे झाले. मी लेकरू खाली ठेवलं, ते रडून राह्यलं, मी तिच्या पाठीवर बुक्क्या मारून राह्यली, पानी पाजलं तर नाकातून बाहेर... घरात दुसरं कोनीच नाई. शेवटी तुकडा पडला. कोरडा. तोंडात घातलता तसाच, जरासाही भिजला नाई. तो मी हातात घेऊन पाह्यला.

आत्याबाई म्हंजे माही सासू. तिले जाऊन आता सव्वा महिना झाला. मी सातवीपावतर शिकली, लिवन्यात चुकलं तर समजून घेजा.

गालात तंबाखू ठेवता ठेवता गालातच कॅन्सर निंगाला. मोठ्या दवाखान्यात शेक देल्ले. मशीनखाली नुसतं झोपाचं, दुखत नाई, पन गाठ जळाली तशी तोंडातली लाळबी आटली. अन् तिचा धंदा काय, तर गोधड्या शिवनं. दोरा तोंडात ओला करे, टोक पिळे, न् एका दमात सुईत. आता दोरा फिसकटे. मी ओवून देल्ला तर म्हने, "तुही लाळ अन् माही सुई... जमत नाई वं सुमे," न् हासे.

तुकडा अडकला त्याच दिवशी समुद्रपूरहून तिले यष्टीनं त्याच दवाखान्यात नेलं, लेकरू काखेत. डॉक्टरीन म्हने, गालावर पट्ट्या लावून हलकासा करंट देऊ, लाळ सुटते कधी कधी, सगळ्याईलेच गुन येते असं नाई. करंट म्हनताच मी आत्याबाईले उठवाले लागली. माहा दीर, तिचा लहाना पोरगा, विहिरीच्या मोटरीले चिपकून गेलता.

"नाई बाई, आमच्या घरच्याले करंट नको," मी म्हनलं.

आत्याबाईनं माहा हात धरला. "सुमे, त्यानं माहं लेकरू नेलं. आता मले थुंकाभर काही वापस देत असंन तर देऊ दे ना वं."

मालक कामाले बाहेरगावी. इचाराव कोनाले? मी हो म्हनून मान हलवली. पट्ट्या लावल्या, लहानशी डबी चालू झाली. मी डोळेच मिटले.

"कसं वाटते, आजी?"

"मुंग्या चालून राह्यल्या बाप्पा. त्याईले सांगा, गोड काही ठेवलं नाई अथी."

मंग लई दिवस जा-ये केली. एक दिवस घरी तिनं दोरा तोंडात घातला... बाहेर काढला तर टोक ओलं. ओवलेली सुई माह्या डोळ्यासमोर धरून बसली.

पन पुढं गाठ मानेत परत आली. डॉक्टरीननं पट्ट्या बंद केल्या, गाठीवर करंट चालत नाई म्हने. त्या गाठीनंच ती गेली. तेरवीच्या पंगतीत मालकाची आत्या सगळ्याईसमोर बोलली, "पोरगा करंटनं गेला, अन् हिनं मायबी करंटलेच देल्ली." मालकानं ऐकलं. तवापासून ते माह्याशी धड बोलत नाईत. डॉक्टरीन सांगते, बीमारीनं गेली. पन तिचं आयकते कोन?

अर्धी गोधडी खुटीले टांगली हाये. माह्या लेकरासाठीच शिवून राह्यली होती. सुई तिच्यातच खोचलेली, तिनं आपल्या लाळेनं ओवलेला दोरा तसाच. मालक म्हनते, काढून टाक. माहा हात होत नाई... तुमीच सांगा, तो कोरडा तुकडा तुमी पाह्यला असता, न् तिनं तुमचा हात धरला असता, तर तुमी काय केलं असतं?