चालण्याची हजेरी

द्वारकेच्या सोसायटीत राहणारे गुणवंतराव चालण्याची नोंद वहीत करत, पण ऑफिसातल्या हजेरीपटासारखी, रविवारी आठवड्याची एकदम: रोज चार किलोमीटर. खरं तर निम्मे दिवस ते बागेतल्या बाकावर पेपर वाचत बसत.

वर्षअखेरीस नवा संकल्प लिहायला त्यांनी वही काढली, तेव्हा त्यांच्या पत्नी सुमित्राबाईंनी ती चाळली.

“अहो, एकवीस मेला आपण दिवसभर गाडीत होतो. भुसावळपर्यंत डब्यातच चाललात का?”

गुणवंतरावांना हसू आलं नाही. याच आकड्यांची बरोबरी करायला सुमित्राबाई दुखऱ्या गुडघ्याने वर्षभर चार किलोमीटर चालल्या होत्या.

“बरेचसे आकडे खोटे आहेत,” ते मान खाली घालून म्हणाले.

सुमित्राबाई गुडघा चोळत राहिल्या. गुणवंतरावांनी वहीत नवा संकल्प लिहिला: ‘रोज एक किलोमीटर, तिच्या चालीने. नोंद तिने करायची.’