वकिलांच्या बाबतीत जरा जपूनच

बँकेत कर्ज मागायला काळा कोट घालून जायची अक्कल माझीच. बायको म्हणाली होती, "साधा शर्ट घाला हो." मी म्हटलं, "अगं, वकील बघून मॅनेजर उठून उभा राहील."

राहिला खरा. चहासुद्धा मागवला. इतकी वर्षं कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली टेबल टाकून बसलो, आता गंगापूर रोडला स्वतःचं एवढंसं ऑफिस घ्यायचं होतं. कागद चोख होते, गाडीचा एकही हप्ता चुकलेला नव्हता. मॅनेजर खूश दिसला आणि माझी जीभ सुटली. एका पक्षकाराच्या घराच्या लिलावाला स्थगिती आणून एका बँकेला मी कसं झुलवत ठेवलं, ते हातवारे करून सांगितलं. शेजारी बसलेल्या बायकोनं टेबलाखालून पाय दाबला. मला वाटलं, चुकून लागला.

मॅनेजरनं फाइल मिटली. "राग मानू नका वकीलसाहेब. वकील, पोलीस, पत्रकार, पुढारी... यांच्या बाबतीत आम्ही जरा जपूनच असतो."

"का? आम्ही बुडवतो?"

"छे हो! पण बुडवलंत, तर वसूल कोण करणार?"

घ्या! चोरांनासुद्धा आधी चोरी करावी लागते, मग मी त्यांना जामीन मिळवून देतो. इथे गुन्ह्याआधीच शिक्षा.

मग त्यानं आवाज खाली आणला. "असं करा, व्यवसाय 'सल्लागार' लिहा. नाहीतर मॅडमच्या नावावर करू. शिक्षिका आहेत, पगार आमच्याकडेच होतो. लगेच मंजूर."

"आणि हे?" बायकोनं माझ्याकडे बोट केलं.

"साहेबांना भाडेकरू दाखवू."

मी पेन उचललं आणि रकान्याबाहेर जाईल एवढं मोठं 'वकील' लिहिलं. "नाही म्हणायचं तर वकिलाला म्हणा. आणि कारण लेखी द्या."

"बघा, बघा!" मॅनेजर जवळजवळ ओरडलाच. "म्हणूनच देत नाही आम्ही!"

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "मिळत होतं ते घालवलंत."

"घालवलं."

"बरं केलंत. पण दुसऱ्या बँकेत तोंड मी उघडणार."

दुसरीनंही नाही म्हटलं, तिथे तर मी गप्प बसलो होतो. अजून पत्र्याखालीच आहे. पहिल्या बँकेचं लेखी कारण काही येत नाही. दर सोमवारी ते मागायला जातो आणि दारातल्या शिपायाला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "साहेबांना म्हणावं, वकील आलेत."