सुरेखाबाईंच्या सुनेची हाक

सुरेखाबाईंना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बदनापुरात आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. गॅस बंद केलाय की नाही ते पाहायला बाई पुन्हा उठल्या, कडी पुन्हा चाचपली, हे मला माझ्या घरात बसून कळतं. जालन्याच्या एमआयडीसीत त्या बियाण्याच्या कारखान्यात कापसाचं बी निवडायला जातात आणि घरी येऊन तांदूळ निवडत बसतात. तेही पाकिटातले, स्वच्छ तांदूळ. कशाला म्हणून विचारलं तर म्हणतात, "हाताला काम नसलं की डोकं फिरून राह्यतं बाई."

त्यांचा एकुलता एक हरिओम तामिळनाडूत होसूरला नोकरीला गेला आणि तिथल्याच सेल्वीशी लग्न करून मोकळा झाला. भावकीनं नाकं मुरडली. सगळ्यात जास्त मुरडलं ते सुरेखाबाईंच्या जावेनं, कौसल्यानं. आता नातू आर्यन दोन वर्षांचा झाला, तेव्हा कुठे सून पहिल्यांदा सासरी आली. निमित्त जावळाचं. पिंपळगावच्या रेणुकाईसमोर आर्यनचं जावळ काढायचं ठरलं होतं.

पहिला दिवस हसण्यात गेला. सून बाळासाठी "पाल, पाल" म्हणाली आणि सुरेखाबाई झाडू घेऊन भिंतीकडे धावल्या. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध! दारावर गाडा आला, "पेरू, पेरू" अशी आरोळी झाली, तर सेल्वी बाहेर जाऊन त्याला म्हणाली, "सेल्वी." तिच्या भाषेत पेरू म्हणजे नाव. गाडेवाला बिचारा तिच्याकडे बघतच राहिला. या गोष्टी सांगताना सुरेखाबाईंच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखाबाई चहा गाळत होत्या आणि सेल्वीनं अंगणातल्या हरिओमला हाक मारली, "मामा, इंगे वा!" इंगे वा म्हणजे इकडे ये, एवढं त्यांना एव्हाना कळायला लागलं होतं. मामा म्हणजे काय हे तर जन्मापासूनच ठाऊक! चहा निम्मा ओट्यावर सांडला.

"आई, तिकडं नवऱ्याला मामा म्हणत्यात," हरिओम समजावू लागला. "मामाशी लग्न लागायचं त्यांच्यात, तिथून आलंय ते."

"हळू बोल! कौसल्यानं आयकलं तर जलमभर टोमणे मारील मला. तिला सांग, 'अहो' म्हण म्हणावं. बाकी काही न्हाई, फक्त अहो."

झालं. सेल्वीला 'अहो' शिकवायचा वर्ग सुरू झाला. पोरगी हुशार, तासाभरात शिकली. पण दरवेळी तोंड उघडण्याआधी सासूकडे पाहायला लागली, आणि मग तिनं तोंड उघडणंच सोडलं. हरिओमला काही सांगायचं तर त्याच्याजवळ जाऊन बाही ओढायची. आता सुरेखाबाईंना दोन्हीकडून घोर. ती बोलली तर भावकीचा, न बोलली तर तिचा. त्यात हरिओम एकदा भांडी आपटत म्हणाला, "अशीच गप्प गेली ना आई, तर परत यायची न्हाई. मंग आर्यनला फोनमधीच पाहत बस." त्या दिवशी शेजारची कडी किती वेळा वाजली ते विचारू नका. मला राग आला होता त्यांचा. पण बोलावंसं वाटेना, कारण मला कडूबांची आठवण होती.

कडूबा म्हणजे सुरेखाबाईंचे मालक. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ते डोळे उघडत नव्हते. नर्स म्हणाली, नाव घेऊन हाक मारा मावशी, कधी कधी माणूस ऐकतो. मी तिथंच उभी होते. उखाण्याशिवाय बाईंनी ते नाव कधी घेतलं नव्हतं. ओठ हलले, आवाज निघेना. "अहो" म्हणाल्या दोनदा. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवली. कडूबांनी नाही.

जावळाच्या दिवशी टेम्पो भरून आम्ही पिंपळगावला गेलो. सेल्वीचा भाऊ शक्तिवेल पहाटेच्या गाडीनं आला होता. पांढरी लुंगी, भरघोस मिशा, हातात ताट, त्यात नवे कपडे, फळं आणि बाळाची सोन्याची अंगठी. त्याला काही समजावून सांगावं म्हणून आम्ही पुढे झालो, तर तो आपला आपणच पाटावर मांडी घालून बसला आणि भाच्याला मांडीवर घेतलं.

"याला कुणी शिकवलं?" कौसल्यानं विचारलं.

"शिकवायचं काय? तिकडंबी मामाच्याच मांडीवर बसवत्यात," हरिओम म्हणाला आणि नारळ आणायला टेम्पोकडे गेला.

सुरेखाबाईंनी पहिल्यांदाच सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात डोक्याला वस्तरा लागला आणि आर्यननं भोकाड पसरलं. हातपाय झाडायला लागला. शक्तिवेलला आवरेना, न्हावी ओरडला, "हलू देऊ नका, लागंल त्याला!" सेल्वीचा धीर सुटला. टेम्पोकडे तोंड करून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "मामा! मामा, इंगे वा!"

हरिओम नारळ टाकून धावत आला. सेल्वीनं सासूकडे पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर दाबले.

"अगं बाई," कौसल्या म्हणाली, "ही नवऱ्याला मामा म्हणली का?"

सगळी भावकी वळली. मी घाईघाईनं म्हणाले, "भावाला म्हणली असंल, आर्यनचा मामा न्हाई का समोर बसला?" बरी सुचलेली थाप होती. सुरेखाबाईंनी नुसती मान हलवली असती तरी निभावून गेलं असतं.

पण त्या सेल्वीच्या तोंडावरच्या हातांकडे पाहत होत्या. पुढे झाल्या आणि ते हात त्यांनी खाली घेतले.

"नवऱ्यालाच म्हणली," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात तसंच म्हणत्यात. अन् तिनं हाक मारल्याबराबर आला का न्हाई तो? मी न्हाई मारली कधी. कडूबा डोळे मिटून पडल्ते, तवाबी न्हाई मारली."

सुरेखाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पुन्हा एकदा, कुणाला सांगायला म्हणून नव्हे, म्हणाल्या, "कडूबा."