कावळ्याची बातमी, बाथरूमच्या दारातून

मंडळी, आज मी सपशेल तोंडावर आपटले आणि तरी जाम खूश आहे!

चंदीगडमधलं माझं संशोधन तुम्हाला माहीतच आहे: दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आयुष्यात बाबा किती असतात? आज दुपारी त्यासाठी जवळच्याच डेराबस्सी गावात एका घरी गेले होते. बाबा औषधांच्या कारखान्यात कामाला. ड्युटीवरून आले, धावत आलेल्या लेकीला हातानेच लांब थांबवलं आणि थेट बाथरूममध्ये शिरले. मी लगेच वहीत लिहिलं, "मुलीकडे लक्ष नाही."

लेक मात्र टॉवेल घेऊन दाराबाहेर फतकल मारून बसली. "पापा, कौआ आया था!"

आतून पाण्याच्या वरताण आवाज आला, "अच्छा? क्या बोला कौआ?"

पंधरा-वीस मिनिटं कावळा, शेजारचं कुत्रं, सांडलेलं दूध, सगळं सांगून झालं. दार उघडलं तशी ती टॉवेलसकट बाबांच्या कडेवर!

"कपड़ों पे दवाई का पाउडर रहता है जी," ते मला म्हणाले. "पहले नहाना, फिर बेटी."

मग फॉर्म भरायला बसलो. मुलीशी रोज किती वेळ बोलता? ते ओशाळले. "टाइम कहां मिलता है, मैडम. झीरो लिख दो."

यार, मी नाही लिहिलं झीरो! वहीतली ती ओळही खोडली. आता प्रत्येक घरात फॉर्म काढायच्या आधी मी तासभर नुसती बसणार, पक्कं!

तुमच्या बाबांचं असं काय आठवतं, ज्याला ते स्वतः झीरो म्हणाले असते?